निसटलेले सेकंद

तुलनेसाठी घरातलं एक निरोगी माणूस लागेल, असं डॉ. शमीम तांबोळी म्हणाल्या तेव्हा रेश्मा शेलारनं स्वतःचं नाव पुढं केलं. तिच्या नवऱ्याला, सुहासला, घाम फार यायचा. त्याच्या कानामागं ते बटण टिकलं नसतं. कारण एवढंच होतं.

बटण म्हणजे खरोखरच सदऱ्याच्या बटणाएवढी, कातडीच्या रंगाची चकती. मेंदूतली विजेची हालचाल टिपायची तर पूर्वी डोक्यावर चिकट मलम थापून तारांचं जाळं बसवावं लागायचं, आणि तेही तास-दीड तास. आता ही चकती आठवडाभर कानामागं चिकटवली की झालं. माणूस जेवो, झोपो, भांडो, ती आपली ऐकत बसायची. मेंदूच्या अगदी खोल भागात काय चाललंय तेही तिला कळायचं.

रेश्माची मुलगी आर्वी चौथीत होती. बोलता बोलता ती मध्येच थांबायची. डोळे एका जागी लागायचे, पापण्या किंचित फडफडायच्या आणि काही सेकंदांनी, जणू काही झालंच नाही अशी, ती पुढचा शब्द बोलायची. शाळेतल्या बाई म्हणायच्या, मुलगी स्वप्नाळू आहे. डॉक्टरांनी सांगितलं, हे फेफऱ्याचंच एक सौम्य रूप आहे. यात माणूस पडत नाही, तोंडाला फेस येत नाही, फक्त तेवढ्यापुरता तो तिथं नसतो. गेल्या वर्षी औषध सुरू झालं. सुरुवातीला पोरीचं पोट दुखलं, उचक्या लागल्या, मग सगळं अंगवळणी पडलं. आता औषध किती लागू पडलंय ते बघायचं होतं.

आठवड्यानं मायलेकी कराडच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी आधी आर्वीचा आलेख पडद्यावर घेतला आणि समाधानानं मान हलवली. मग दुसरा उघडला. तो त्या बराच वेळ पुढंमागं करत राहिल्या.

"तुमच्या बटणांची अदलाबदल झाली का?" त्यांनी विचारलं.

"नाही. तिच्या बटणावर मी नेलपॉलिशचा ठिपका दिला होता."

"आर्वी, बाहेर मासे आहेत काचेच्या पेटीत. बघून येतेस?"

आर्वी गेल्यावर डॉक्टरांनी पडदा रेश्माकडं वळवला. सरळ चाललेल्या बारीक रेघांत मध्येच एक जागा होती, जिथं सगळ्या रेघा एकदम उंच उसळत होत्या, एका मापाच्या, एका अंतरानं, विणकामातल्या टाक्यांसारख्या. थोडं पुढं गेलं की पुन्हा तसंच.

"हे माझं आहे?"

"तुमचं आहे. आर्वीपेक्षा फार छोटे झटके आहेत. दोन सेकंद, तीन सेकंद. बघणाऱ्याला कळणारही नाही. लहानपणापासून असणार. कधी मोठी फिट आली होती? बेशुद्ध पडलात वगैरे?"

"नाही."

"तेवढं बरं आहे."

रेश्माला आठवली ती जोगळेकर बाईंची पाचवीतली हाक, "शेवटच्या बाकावरची वेंधळी, उभी राहा." आठवले वडील, हिशेब समजावताना पट्टी आपटणारे. सासूबाईंचं "हिला एक सांगावं तर अर्धंच ऐकते." लक्ष दे, लक्ष दे, लक्ष दे. आणि ती देत आली होती. दिवसभर मुठी आवळून लक्ष देत आली होती. संध्याकाळी इतकी दमायची की सुहास म्हणायचा, तू काय दगड फोडून येतेस का?

"नेमकं होतं काय डोक्यात?" तिनं विचारलं.

डॉक्टर खुर्ची पुढं ओढून बसल्या. "मेंदूच्या मधोमध थॅलॅमस म्हणून एक भाग असतो. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, सगळं तिथून वर जातं. एरवी तिथल्या पेशी आपापल्या कामात असतात. सभेला माणसं बसलेली असतात तशा. पण झटका येतो तेव्हा त्या सगळ्या एकाच ठेक्यात टाळ्या वाजवायला लागतात, सेकंदाला तीनेक वेळा. व्यासपीठावर भाषण चालूच असतं, पण ऐकू कुणाला येणार? टाळ्या थांबल्या की सभा पुन्हा ऐकायला लागते. मधली वाक्यं गेली ती गेली."

"आणि औषध?"

"त्या पेशींना कॅल्शियम आत घेणारी बारीक दारं असतात. हा ठेका धरायला तीच दारं लागतात. इथोसक्सिमाइड ती दारं थोडी जड करतं. फार जुनं औषध आहे, माझ्या आजीच्या काळातलं. एक लक्षात घ्या, यानं हुशारी वाढत नाही, एकाग्रता वाढत नाही. ते फक्त टाळ्यांचा ठेका जमू देत नाही. आणि रोग बरा करत नाही, आवरून धरतं. म्हणून रोज घ्यायचं, खाऊन घ्यायचं आणि आपल्या मनानं एकदम बंद करायचं नाही. एकदम बंद केलं तर झटके उसळी मारून येतात. मळमळेल, झोप येईल. ताप आला, घसा धरला, अंगावर पुरळ उठलं, मन फारच उदास झालं, तर त्याच दिवशी मला कळवायचं. मधूनमधून रक्त तपासू."

हे सगळं आर्वीच्या वेळी रेश्मानं ऐकलं होतं. तेव्हा ते दुसऱ्याचं होतं.

"तुम्ही काम काय करता म्हणालात?"

रेश्मानं सांगितलं. डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं.

कारळी गावातून डोंगरावरच्या वरघरला झुला जायचा. वरघर आणि पलीकडच्या वाड्यांना रस्ता नव्हता, आणि दरडींमुळं तो होण्याची आशाही कुणी धरली नव्हती. तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांतूनच दूध खाली यायचं, शाळेची मुलं यायची, बाळंतिणी यायच्या. पाळणे सोडणं, थांबवणं, वाऱ्याचा अंदाज घेणं, सगळं यंत्रच करायचं. माणसाला एकच काम उरलं होतं, बघणं. काचेच्या खोलीत एक खुर्ची, समोर दरी, हाताशी लाल दांडा. यंत्र चुकतंय असं दिसलं तर दांडा ओढायचा. इतक्या वर्षांत रेश्मानं तो दोनदा ओढला होता आणि दोन्ही वेळा ती बरोबर होती. नोकऱ्यांची हीच तऱ्हा झाली होती सगळीकडं. हातांचं काम गेलं, डोक्याचंही बरंच गेलं, आणि माणसाकडून विकत घेण्यासारखी एकच गोष्ट राहिली, त्याचं लक्ष.

"मी तुमच्या ऑफिसला काही कळवणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण डॉक्टर म्हणून सांगते, आलेख साफ होईपर्यंत त्या खुर्चीत बसू नका."

घरी जाताना एसटीत आर्वीनं विचारलं, "आई, तुला पण माझ्यासारखंच आहे?"

"हो."

"मग तू पण रोज घेणार?" तिला आनंद झाला होता, आणि तो तिनं लपवला नाही.

सुहास कारळीच्या सोसायटीत दूध तपासायचं काम करायचा. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग गॅस बंद करून म्हणाला, "मला वाटलेलं काहीतरी असंल."

"म्हणजे?"

"तू मध्ये मध्ये नसतेस. लग्न झाल्यावर लगेच लक्षात आलं माझ्या. मग मी सवय लावून घेतली, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची."

ही दोनदा सांगायची सवय रेश्माला पंधरा वर्षं टोचत आली होती. उद्या लवकर जायचंय, उद्या लवकर जायचंय. कुलूप लावलंय, कुलूप लावलंय. बायकोला मंद समजतो हा माणूस, असंच तिनं धरलं होतं. त्यावरून त्यांची भांडणं झाली होती, अबोला झाला होता. एकदा तर ती माहेरी जाऊन राहिली होती.

"मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तू कमी आहेस असं सांगू?" तो ओट्याला टेकला. "तू दमतेस म्हणून होत असंल असं वाटलं. आणि दोनदा बोलायला मला काही त्रास नव्हता."

तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्या माहेरी काढलेल्या दिवसांचं आता काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं. ती म्हणाली, "भाजी गरम करा. मी जरा पडते."

दुसऱ्या दिवशी ती पाटणकर मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम झुल्याच्या व्यवस्थापक होत्या, स्वभावानं कोरड्या, पण अन्यायी नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "हे तुम्ही स्वतःहून सांगताय?"

"आर्वी रोज त्याच झुल्यातून आजोळी जाते वर."

मॅडमनी तिला खालच्या फलाटावर नेमलं, माणसांना पाळण्यात चढवायच्या कामावर. पाळणे हलत असतानाच चढायचं असायचं. म्हाताऱ्यांचा दंड धरायचा, दुधाचे कॅन ढकलायचे. औषधानं सकाळभर मळमळायचं. दुपारी डोळ्यांवर झापड यायची. काही दिवस तर तिला वाटलं, आधीचंच बरं होतं. दोन सेकंद जायचे, पण उरलेला दिवस तरी आपला असायचा. डॉक्टरांनी मात्रा हळूहळू वाढवली, मध्ये एकदा मागे घेतली, पुन्हा वाढवली. पोट हळूहळू शांत झालं. आणि मग एका सकाळी, फलाटावर उभी असताना, तिच्या लक्षात आलं की आज कुणाचंही बोलणं जोडून घ्यावं लागत नाहीये. वाक्य येतंय ते अख्खं येतंय. पूर्वी तुटलेली टोकं ती अंदाजानं बांधायची, इतक्या सफाईनं की बांधतोय हेही कळायचं नाही. ते ओझं उतरलं होतं. पण उतरल्यावर हलकं नाही वाटलं. ओझं खाली ठेवल्यावरच खांदे किती दुखतायत ते कळतं, तसं झालं.

आलेख साफ आला. त्याच सुमाराला वरिष्ठ कार्यालयाला जाग आली. एका निरीक्षकाला वर्षानुवर्षं झटके येतात आणि कुणाला पत्ता नाही? मग बाकीच्यांचं काय? खुर्चीत बसणाऱ्या सगळ्यांना बटणं लावायचा हुकूम आला.

निघालं ते कुणालाच नको होतं. फेफरं रेश्माखेरीज कुणालाही नव्हतं. पण डोळे उघडे ठेवून लागणाऱ्या बारीक डुलक्या होत्या. लांब पाळीच्या शेवटी जवळजवळ प्रत्येकाच्या आलेखात भोकं पडली होती, आणि ती रेश्माच्या जुन्या झटक्यांपेक्षा मोठी होती. सगळ्यात वाईट आलेख बजरंग सपकाळांचा होता. झुला सुरू झाला त्या दिवसापासून ते खुर्चीत बसत होते. रेश्माला काम त्यांनीच शिकवलं होतं. साठीला टेकले होते, आणि दरीतला ढग कुठून चढतो हे यंत्राच्या आधी त्यांना कळायचं.

फलाटावरचे लोक रेश्माशी बोलेनासे झाले. एकानं तोंडावरच सांगितलं, "तुझं तू गुपचूप औषध घेतलं असतंस तर आमच्यावर ही पाळी आली नसती." खोटं नव्हतं ते.

बजरंगदादा मात्र बोलत राहिले. आणि एका रविवारी ते घरी आले. चहा झाला, आर्वीच्या शाळेची चौकशी झाली. सुहास दूध बघायला गेला तसे ते खुर्चीत पुढं सरकले.

"पोरी, तुझ्यापाशी एक मागायचंय. तुझ्या त्या गोळ्या थोड्या दे."

"दादा..."

"फेरतपासणी हाय पुढच्या हप्त्यात. तुझा आलेख बघ की कसा आरशासारखा आला. मला तेवढ्यापुरत्या हव्यात. शेवटची दोनच वर्षं ऱ्हायलीत माझी. ती फलाटावर कॅन ढकलत काढू का?"

रेश्मानं डबी फडताळात ठेवली होती. दादांची नजर आपसूक तिकडं गेली, आणि तिला त्यांची दया आली. स्वतःचीही.

"दादा, मी देईन, पण ते औषध तुमच्या कामाचं नाही," ती म्हणाली. "माझ्या डोक्यात एक ठेका धरला जातो, तो ते मोडतं. तुमच्या डोक्यात तो ठेकाच नाही. तुम्हाला येते ती झोप. या गोळीनं ती वाढेल. मला विचारा, सुरुवातीला मी उभ्या उभ्या पेंगायचे."

"मग तुझं डोकं एवढं साफ कसं झालं?"

"साफ नाही झालं. एक भोक बुजलं, एवढंच. दमले की मलाही डुलक्या येणार. परवा एखादी आलीच असणार."

दादांनी रिकामा कप बशीत ठेवला. "म्हंजे माझ्या दुखण्यावर औषध न्हाई."

"आहे की. पाळी लहान करणं, आणि झोप. तांबोळी बाईंना एकदा दाखवू या. रात्रीची झोप नीट लागत नसेल तर त्यालाही कारण असतं म्हणतात."

"त्या लिहून देतील व्हय, की बजरंगला आठ तासांऐवजी चार तास बसवा म्हणून? आणि हापीस ऐकंल?"

जाताना दादा उंबऱ्यात थांबून म्हणाले, "मागितल्याचं कुणाला बोलू नको." ती म्हणाली, "काय मागितलं?" त्यावर ते थोडं हसले.

पुढच्या आठवड्यात पाटणकर मॅडमनी तिला बोलावून घेतलं. निर्णय झाला होता. ज्यांचे आलेख साफ तेच खुर्चीत बसणार. साफ तिघांचे होते, नव्यानं लागलेली दोन मुलं आणि रेश्मा. उरलेले फलाटावर. तिघांना पाळ्या वाढवून द्याव्या लागणार होत्या.

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या. "तुमचा प्रामाणिकपणा वाया गेला नाही."

रेश्मा उभीच होती. अभिनंदन हा शब्द तिला कुठंतरी लांब पडल्यासारखा वाटला. ती खूप दमली होती. आणि दमलेल्या माणसाला कधी कधी सभ्यपणाचीही ताकद राहत नाही.

"मॅडम, बारा तास बसवलं तर महिन्याभरात आम्हा तिघांचे आलेखही त्यांच्यासारखे होतील. मग कुणाला बसवाल?"

"तुमचं म्हणणं काय?"

"दोघांना बसवा. एका खोलीत दोन खुर्च्या. कुणाचंच डोकं सलग चालत नाही, हे आता दिसलंच आहे. माझं नाही, दादांचं नाही. पण दोघांची भोकं एकाच सेकंदाला पडणं फार अवघड आहे."

"आलेख खराब असलेला माणूस खुर्चीत? वरिष्ठ मान्य करणार नाहीत."

"मग मलाही बसवू नका. माझ्या शेजारी दादा असतील तर बसते. नाहीतर मी फलाटावर बरी आहे."

मॅडमच्या कपाळावर आठी आली. "ही अडवणूक झाली, शेलार."

"तसंच समजा," रेश्मा म्हणाली. मग दाराशी वळून, भांडायच्या सुरात नव्हे, सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, "तुम्ही कधी लावून बघितलंय बटण?"

त्यानंतर काही दिवस काहीच झालं नाही. झुला दोन मुलांच्या भरवशावर चालला आणि त्यातला एक तापानं आडवा झाला. एका सकाळी मॅडम फलाटावर आल्या. त्यांच्या डाव्या कानामागं चिकटपट्टीचा चौकोनी लालसर डाग होता. त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही आणि रेश्मानं विचारलं नाही. "दुसरी खुर्ची मागवलीय," त्या म्हणाल्या. "पाळ्या निम्म्या करतोय. सध्या प्रायोगिक म्हणून. वर काय ते मी बघते."

"आणि दादा?"

"तुमच्याबरोबर. त्यांनी डॉक्टरांना दाखवायचं, ही अट आहे."

एवढं झालं म्हणून सगळे खूश झाले असं नाही. निम्म्या पाळीचं निम्मं कौतुक, निम्मी कुरकुर. सुहासनं दोनदा बोलायची सवय सोडायचा प्रयत्न केला, पण पंधरा वर्षांचं वळण ते. रेश्मा आता दोन्ही वेळा ऐकायची आणि पहिल्याच वेळी "हो" म्हणायची. कधी तरी तिला वाटायचं, निसटलेले सगळे सेकंद कुठंतरी साचलेले असतील. त्यात कोण काय बोललं असेल? आर्वीचा पहिला शब्द तिनं ऐकला होता की सुहासनं सांगितला म्हणून तिला ऐकल्यासारखा वाटत होता? हे शोधायचं औषध कुणी काढलं नव्हतं, आणि काढलं असतं तरी ते घ्यायची तिची इच्छा नव्हती.

भाद्रपदात एके दुपारी वारा फार वाढला. यंत्रानं पाळणे एकेक करून आत घेतले आणि झुला थांबवला. वर, वरघरच्या फलाटावर, एका गरोदर बाईला घेऊन माणसं खोळंबली होती. घाई नव्हती, पण वारा पडला की पहिला पाळणा तिच्यासाठी सोडायचा होता. दरीत ढग भरला होता. काचेच्या खोलीत दोन खुर्च्या आता जेमतेम मावत होत्या आणि उठताना एकाला दुसऱ्याच्या गुडघ्यावरून जावं लागायचं.

"यंत्र म्हणतंय तासभर पडणार न्हाई वारा," बजरंगदादा म्हणाले. "मी म्हणतो अर्ध्या तासात पडंल."

तारा नुसत्याच हलत होत्या. रेश्माला सकाळपासून डोकं जड वाटत होतं. आर्वीला परीक्षेची भीती वाटत होती, दोघी उशिरापर्यंत जागल्या होत्या. एरवी अशा वेळी तिनं मुठी आवळल्या असत्या, ओठ चावला असता, उघड्या डोळ्यांनी काचेला खिळून बसली असती.

"दादा, जरा बघता का? मी थोडी पडते."

बजरंगदादांनी तिच्याकडं न बघताच आपली खुर्ची काचेजवळ ओढली आणि दांडा हाताशी आहे ना, ते चाचपलं.

"बघतो. झोप तू."

तिनं पदर तोंडावर घेतला आणि डोळे मिटले.